लाभाचा उगम

व्यापार आणि नीति यांचें फारसें सख्य नाहीं, असा एक समज आपल्या समाजांत पुष्कळ दिवसांपासून रूढ आहे. ‘धंदा म्हटला कीं थोडेंसें इकडचें तिकडे व्हायचेंच’ हें वाक्य आपण ज्या सहजतेनें बोलतों, त्याच सहजतेनें मुलांना ‘खोटें बोलूं नये’ असेंहि सांगतों. आणि ह्या दोहोंत कांहीं विरोध आहे असें आपल्या मनांतहि येत नाहीं. ह्या समजाचाच दुसरा भाग असा कीं, व्यवहारांत फसूं नये म्हणून जें शहाणपण लागतें तें निराळें, आणि दुसऱ्यास फसवूं नये म्हणून जो विवेक लागतो तो निराळा. पहिलें ज्यानें त्यानें ठेचा खाऊन शिकावें, दुसरा कीर्तनांत ऐकावा. प्रस्तुत लेखांत ह्या विभागणीचाच थोडा विचार करावयाचा आहे. ज्यांना आज ‘ऑनलाइन संधि’ म्हणतात, त्या नव्या व्यवसायांनीं हा जुना प्रश्न पुनः ऐरणीवर आणिला आहे. आणि त्यांचें नीट परीक्षण केलें असतां असें दिसतें कीं, स्वतःचें रक्षण करणारा आणि दुसऱ्याचें रक्षण करणारा प्रश्न मुळांत एकच आहे. तो प्रश्न हा: मला मिळणारा लाभ कोठून उगम पावतो?

चर्चा हवेंत राहूं नये म्हणून एक गांव डोळ्यांसमोर ठेवूं. माणगांवाहून श्रीवर्धनकडे जातांना वाटेंत म्हसळा लागतो. १९४८ पर्यंत हा मुलूख जंजिरा संस्थानांत होता. पुढें तो कुलाबा जिल्ह्यांत आला, आणि १९८१ पासून त्या जिल्ह्याचें नांव रायगड झालें. डोंगर आणि खाडी यांच्या मध्यें थोडी भातशेती, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि मासळी, इतकी येथील मिळकत. हींत जें भागत नसे तें मुंबईहून मनीऑर्डरनें येई. गिरण्या, गोदी आणि जहाजें यांच्यावर पोसलेलीं घरें पुढें आखाती देशांतील पगारांवर उभीं राहिलीं. पैसा दूरून येतो, कधीं न पाहिलेल्या धन्याकडून येतो, ह्यांत येथील माणसाला पिढ्यान् पिढ्या नवल वाटलेलें नाहीं. मग मोबाइलच्या पडद्यावर ‘घरबसल्या काम करा आणि रोज पैसे मिळवा’ असा निरोप उमटला, तर तेवढाच त्याला अद्भुत कां वाटावा?

त्यांत काळहि प्रतिकूल. ३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि ह्या भागांतील पोफळी व माड हजारोंनीं उन्मळून पडले. नवी पोफळ लाविली तर सुपारी हातीं येण्यास पांच-सात वर्षें लागतात. त्याच वर्षीं करोनाच्या साथीमुळें मुंबईचीं कामें बंद पडलीं आणि चाकरमानी घरीं परतले. वाडी आडवी झालेली, नोकरी गेलेली आणि हातांत फक्त फोन, अशा स्थितींतील तरुणानें त्या निरोपावर बोट ठेवलें म्हणून त्याला हांवरट ठरविणें हा अन्याय होय. हांवरट मनुष्य असलेल्यावर आणखी मागतो. हा तर गेलेलें भरून काढूं पाहतो. फसलेल्यांना हंसण्याची जी एक वाईट खोड सुशिक्षितांत असते, ती त्यांनीं प्रथम टाकिली पाहिजे. कारण १८६५ सालीं मुंबईंत भागांच्या सट्ट्यानें जे धुळीस मिळाले ते कांहीं अडाणी खेडूत नव्हते. बॅक-बेच्या कंपनीचा पांच हजारांचा भाग पन्नास हजारांपर्यंत चढविणाऱ्यांत नगरीचे मोठमोठे शेटसावकार होते, आणि त्यांच्या पाठोपाठ खुद्द बँक ऑफ बाँबेहि बुडाली. तेव्हां फसण्याचा संबंध अक्षरओळखीशीं नाहीं. तो आहे एक विशिष्ट प्रश्न न विचारण्याशीं.

हें स्पष्ट होण्यासाठीं २०११ सालीं गाजलेलें ‘स्पीक एशिया’चें प्रकरण पाहावें. सिंगापुरांत नोंदलेल्या ह्या कंपनीचा प्रस्ताव मोठा साधा होता. वर्षाची वर्गणी म्हणून ११,००० रुपये भरावे. आठवड्यास दोन प्रश्नपत्रिका संगणकावर भरून द्याव्या. प्रत्येकीचे ५०० याप्रमाणें आठवड्याचे १,००० रुपये घ्यावे. म्हणजे अकरा हजारांचे वर्षांत बावन्न हजार. शिवाय नवा सभासद आणिला तर त्याचा लाभ निराळा. देशभरांतून सुमारें २४ लक्ष लोक ह्यांत सामील झाले, आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनें तपास हातीं घेतला तेव्हां गोळा झालेली रक्कम २,००० कोटी रुपयांहून अधिक असल्याचें निष्पन्न झालें. ह्या लोकांनीं पुष्कळ प्रश्न विचारले होते. पैसे वेळेवर येतात काय? शेजाऱ्याला आले काय? कंपनीला कचेरी आहे काय? ह्या सर्वांचीं उत्तरें कांहीं महिने होकारार्थीच होतीं. एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाहीं: माझीं हीं उत्तरें विकत घेणारा गिऱ्हाईक कोण, आणि पांचशें रुपये मोजण्याइतकें त्याला त्यांत काय मिळतें? २४ लक्ष माणसांना कबूल केलेला मोबदला वर्षभर द्यावयाचा तर १२,००० कोटींहून अधिक रुपये लागतात. इतक्या किंमतीचीं मतें विकत घेणारा बाजार कोठें आहे, एवढें शोधलें असतें तर उत्तर त्याच दिवशीं मिळालें असतें. ज्या नामांकित कंपन्यांचीं नांवें गिऱ्हाईक म्हणून सांगण्यांत येत, त्यांपैकीं कांहींनीं पुढें आपला संबंध साफ नाकारला.

ह्या युक्तींत नवें असें कांहींच नव्हतें. १९२० सालीं बोस्टन शहरांत चार्ल्स पाँझी नांवाच्या गृहस्थानें पंचेचाळीस दिवसांत शेंकडा पन्नास नफा देऊं केला होता. टपालाचीं आंतरराष्ट्रीय कूपनें एका देशांत स्वस्त घेऊन दुसऱ्या देशांत वटवावयाचीं, असा त्याचा धंदा सांगण्यांत येई. वस्तुतः त्याच्या कारभाराला पुरतील इतकीं कूपनें चलनांतच नव्हतीं. पहिल्याला द्यावयाचे पैसे दुसऱ्याकडून आणि दुसऱ्याचे तिसऱ्याकडून घेतले जात. कूपनांच्या जागीं प्रश्नपत्रिका आल्या आणि टपालाच्या जागीं संगणक आला, इतकाच काय तो नव्वद वर्षांतील फरक.

अशा साखळीचें गणित एकदां म्हसळ्यापुरतें करून पाहण्यासारखें आहे. म्हसळा तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या खानेसुमारींत सुमारें ६० हजार होती. एका माणसानें दोन माणसें आणावीं, त्या प्रत्येकानें आणखी दोन आणावीं, ह्याहून सौम्य अट कोणी घालणार नाहीं. तरी पंधराव्या पायरीवर एकूण संख्या ६५,५३५ होते. म्हणजे पाळण्यांतलीं मुलें आणि अंथरुणावरचे वृद्ध धरूनहि तालुका संपतो. परंतु ह्याहून विचार करण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. पंधराव्या पायरीवर एकटीं ३२,७६८ माणसें असतात आणि वरच्या सर्व पायऱ्यांवर मिळून ३२,७६७. साखळी कोठेंहि तुटो, दहाव्या पायरीवर तुटो कीं विसाव्या, शेवटच्या पायरीवरील माणसें वरच्या सर्वांहून एकानें अधिकच भरतात. आणि त्यांच्याखालीं कोणीच नसतें. तेव्हां निम्म्याहून अधिक लोकांचें नुकसान हा ह्या योजनेंतील अपघात नसून तें तिचें भांडवल आहे. पाऊस पडला नाहीं म्हणून शेत बुडतें. साखळी मात्र पाऊस पडला तरी बुडते, कारण कोणाला तरी बुडविल्यावांचून तिच्यांत पीकच येत नाहीं.

आतां खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. जे शेवटीं आले ते बुडाले हें उघडच आहे. परंतु जो तिसऱ्या पायरीवर आला, ज्यानें आपले पैसे काढून घेतले आणि वर थोडें मिळविलें, त्याचें काय? व्यवहारज्ञानाच्या मापानें तो शहाणाच ठरतो. त्यानें परीक्षा केली, धोका ओळखला, वेळीं अंग काढून घेतलें. गांवांत त्याचें कौतुकहि होतें. त्याचें समर्थनहि तयार असतें: मीं कोणावर बळजबरी केली नाहीं, ज्यानें त्यानें आपल्या खुषीनें पैसे भरले, मला जें सांगण्यांत आलें तेंच मीं पुढें सांगितलें. ह्यांतील प्रत्येक वाक्य खरें असूं शकेल, आणि तरीहि त्याचा बचाव लंगडाच राहील. कारण खुषी ही माहितीवर उभी असते. ‘तुझ्या पैशांतून माझा लाभ होणार आहे आणि तुझा लाभ तूं ज्यांना आणशील त्यांच्या पैशांतून होईल’ असें स्पष्ट सांगितल्यावर जर समोरचा मनुष्य तयार झाला असता, तर तिला खुषी म्हणतां आली असती. परंतु असें सांगून ही योजना विकतां येत नाहीं. जो व्यवहार पूर्ण सांगितला असतां मोडतो, त्याला मिळालेली संमति ही अर्ध्या वाक्याला मिळालेली संमति होय.

शिवाय हा मनुष्य नेमकें काय विकतो तें पाहिलें पाहिजे. परक्या शहरांतील दलालाला म्हसळ्यांत कोणी उंबरठ्याच्या आंत घेणार नाहीं. भाचा मात्र येऊन म्हणतो, ‘मावशी, तुम्ही फक्त नांव घाला, बाकीचें मी पाहतों’; आणि मावशी पेटींतले पैसे काढून देते. तिनें योजना विकत घेतलेली नसते. तिनें भाच्याचा शब्द विकत घेतलेला असतो. लहान गांवांत विश्वास हें सर्वांचें सामाईक धन आहे. तें कागदावर नसतें, पण त्याच्यावर उधारी चालते, सोयरिकी जुळतात, परगांवीं गेलेल्याचें घर शेजारी सांभाळतो. हें धन आजोबांनीं, पणजोबांनीं सांचविलेलें. भाचा तें एका बैठकींत मोडून खातो, आणि हिशेबाच्या वहींत तें कोठेंच खर्ची पडत नाहीं. पैसे बुडाल्यावर जें उरतें तें कर्जाहून वाईट असतें: दोन घरांतील जाणेंयेणें बंद होतें, आणि पुढें कोणी खरी, चांगली संधि घेऊन आला तरी त्यालाहि कोणी दारांत उभें करीत नाहीं.

ह्याच गांवांतली भिशी ह्याच्या शेजारीं ठेवून पाहावी. बारा जणी दरमहा हजार रुपये काढतात आणि पाळीपाळीनें प्रत्येकीस बारा हजार मिळतात. येथें कोणाचा पैसा वाढत नाहीं, आणि वाढतो असें कोणी म्हणतहि नाहीं. तरीहि भिशी उपयोगी पडते. कारण मुलीची फी, घराचें कौल, औषधपाणी अशा ऐन वेळेला एकरकमी पैसा हातीं येतो. आंत आलेला आणि बाहेर गेलेला प्रत्येक रुपया बाराहि जणींना ठाऊक असतो. विश्वास येथेंहि आहे, पण तो भांडवल म्हणून खर्ची पडत नाहीं. दर महिन्यास पाळल्या गेलेल्या शब्दानें उलट तो वाढतो. भिशी आणि साखळी ह्या दोहोंतहि ओळखीच्या माणसांचा पैसा फिरतो. एकींत हिशेब उघडा आहे आणि दुसरींत तो झांकल्यावांचून चालत नाहीं, ह्यांतच दोहोंचें सारें अंतर आलें.

केवळ स्वतःपुरतें शहाणपण किती तोकडें पडतें ह्याचें याहूनहि बोलकें उदाहरण अलीकडे मिळतें. टेलिग्रामवर हॉटेलांना तारे द्या, चित्रफिती आवडल्याचें कळवा, असलीं ‘कामें’ देऊन प्रथम शेंदोनशें रुपये खात्यांत जमा करावयाचे, आणि मग मोठ्या कामासाठीं आगाऊ रक्कम मागावयाची, हा फसवणुकीचा प्रकार आतां पुष्कळांच्या परिचयाचा झाला आहे. परंतु लुबाडलेला पैसा कोठें तरी उतरावा लागतो. त्यासाठीं दुसरीच ‘संधि’ पुढें येते. ‘तुमचें बँकखातें आम्हांस वापरूं द्या, येणाऱ्या रकमेवर दलाली घ्या.’ येथें तरुणानें स्वतःला विचारावें कीं, माझे पैसे बुडतील काय? उत्तर येतें, नाहीं. माझा एक पैसाहि गुंतलेला नाहीं. व्यवहारज्ञान ह्या दारावर निश्चिंत झोपीं जातें. परंतु ‘हा पैसा कोणाचा?’ असें विचारतांच दार खडखडूं लागतें. कारण तो पैसा नागपुरांतल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाचा किंवा कोल्हापुरांतल्या एखाद्या विधवेचा असूं शकतो. पुढें पोलिस येतात ते त्या खातेदाराच्याच दारीं येतात. म्हणजे जो प्रश्न दुसऱ्याच्या हितासाठीं विचारावयाचा, त्यानेंच त्याचें स्वतःचेंहि रक्षण केलें असतें. आणि जो केवळ स्वतःच्या हितासाठीं विचारला, तो कामास आला नाहीं.

ह्यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे आणि तो वजनदार आहे. प्रत्येक धंद्यांत नफा दुसऱ्याच्या खिशांतूनच येतो. आणि विकणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षां अधिक माहिती असते म्हणूनच तो व्यापारी. मग साखळी आणि दुकान यांत तत्त्वतः भेद काय? ह्या प्रश्नाचा खल फार प्राचीन आहे. सिसेरोनें इ. स. पूर्व ४४ मध्यें लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथांत एक उदाहरण घेतलें आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला असतां एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचें गलबत घेऊन येतो. मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्याला ठाऊक आहे, बेटावरील लोकांना नाहीं. त्यानें तें सांगावें, कीं मुकाट्यानें चढ्या भावानें धान्य विकावें? डायोजिनीज नांवाचा तत्त्वज्ञ म्हणतो, कायदा जितकें सांगावयास लावतो तितकें सांगावें, खोटें बोलूं नये, आणि मग मिळेल तो भाव घ्यावा. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, मनुष्यमात्राच्या हिताशीं बांधलेल्या माणसाला असें गप्प बसतां येत नाहीं. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूनें कौल देतो.

हा कौल थोडा कडक आहे असें कोणास वाटेल, आणि बाजारांतील प्रत्येक बातमी ओरडून सांगण्याचें बंधन व्यापाऱ्यावर घालतां येणार नाहीं हेंहि खरें. परंतु ह्या दोन तत्त्वज्ञांचा वाद कोठपर्यंत आहे तें लक्षांत घेतलें पाहिजे. गलबतांत धान्य आहे, तें खरें आहे, तें खाऊन भुकेलेला मनुष्य जगणार आहे, ह्याविषयीं दोघांचें दुमत नाहीं. वाद आहे तो भावाचा. प्रामाणिक नफ्याचा उगम असा दोन्हीं बाजूंच्या लाभांत असतो: घेणाऱ्याला पैशांपेक्षां धान्य मोलाचें वाटतें, विकणाऱ्याला धान्यापेक्षां पैसा. साखळींत गलबत रिकामें असतें. तेथें एकाला मिळालेला प्रत्येक रुपया दुसऱ्यानें गमावलेला रुपया असतो, कारण मध्यें कोणाची कसली गरज भागलेलीच नसते. दुकान आणि साखळी यांतील तत्त्वतः भेद तो हाच.

आपल्याकडील परंपरेनेंहि व्यापाराला नीतीबाहेर टाकिलेलें नाहीं. महाभारताच्या शांतिपर्वांत जाजलि नांवाचा एक तपस्वी आहे. तो इतका निश्चल उभा राहिला कीं पक्ष्यांनीं त्याच्या जटेंत घरटीं केलीं. आणि आपण धर्म जिंकला असें त्याला वाटूं लागलें. त्याला काशीच्या तुलाधाराकडे जाण्यास सांगण्यांत आलें. हा तुलाधार सुगंधी द्रव्यें, वनौषधि आणि रस विकणारा साधा वाणी. मद्य तेवढें तो विकीत नसे. आणि आपला तराजू सर्वांस सारखा, ही त्याची साधना. तपस्व्याला धर्म शिकविण्यासाठीं व्यासांनीं ऋषि निवडला नाहीं, राजाहि निवडला नाहीं, वाणी निवडला, ही गोष्ट आपण विसरून गेलों आहों. कौटिल्याचा मार्ग निराळा. त्यानें अर्थशास्त्रांत स्वदेशी मालावर शेंकडा पांच आणि परदेशी मालावर शेंकडा दहा अशी नफ्याची मर्यादाच घालून दिली, आणि लबाड व्यापाऱ्यांचा विचार समाजाच्या कंटकांच्या प्रकरणांत केला. एकाचा भर अंतःकरणावर, दुसऱ्याचा दंडावर. दोघांनाहि एवढें मान्य आहे कीं तराजूचा प्रश्न हा धर्माचा प्रश्न आहे.

ऑनलाइन व्यापारांत हा तराजू अधिकच नाजूक झाला आहे. आठवड्याच्या बाजारांत गिऱ्हाईक सुपारी फोडून पाहतें, सोडे नाकाशीं नेतें, आंबा दाबून पाहतें. पडद्यावरच्या खरेदींत हीं सर्व साधनें त्याच्या हातून जातात; उरतें एक छायाचित्र आणि विकणाऱ्याचा शब्द. घेणाऱ्याचीं जितकीं इंद्रियें कमी झालीं, तितकें विकणाऱ्याचें कर्तव्य वाढलें. म्हसळ्यांतील एखादी बाई घरचें कोकम, सोडे आणि सुपारी व्हॉट्सॲपवरून पुण्यामुंबईस विकूं लागली, तर तिच्यापुढें रोज लहान लहान कसोटीचे क्षण येतात. छायाचित्र यंदाच्या मालाचें कीं गेल्या वर्षींच्या चांगल्या मालाचें? वजन पिशवीसकट कीं पिशवीवेगळें? पावसाळ्यांत सोडे ओलावले तर तें कळवावयाचें कीं नाहीं? हापूसला २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आणि त्यांत कोंकणच्या पांच जिल्ह्यांत रायगडहि आला. मग कमी पडलेल्या पेटींत परप्रांतांतला आंबा घालून वर ‘कोंकणचा हापूस’ लिहावयाचें काय? गिऱ्हाइकाला बहुधा कळणार नाहीं. न कळण्याच्या ह्या जागेंतच धंद्याची नीति राहते.

कायद्यानें ह्या बाबतींत कांहीं वाट आंखून दिली आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीं विक्रेत्यानें स्वतःच गिऱ्हाईक बनून आपल्या मालाची खोटी स्तुति लिहिण्यास मनाई केली; जाहिरातीबरहुकूम नसलेला माल परत घेण्याचें बंधन घातलें. २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनीं साखळी-योजना निषिद्ध ठरविल्या. तसा १९७८ चा कायदाहि होताच. तथापि कायदा मागून येतो. कांटनें १७८५ सालीं एका दुकानदाराचें उदाहरण दिलें होतें, जो अजाण पोरालाहि तोच भाव लावतो. परंतु तो कर्तव्य म्हणून तसें करतो, कीं दुकानाचें नांव राहावें म्हणून, हें बाहेरून ओळखतां येत नाहीं. आजचे तारे आणि अभिप्राय हें त्या दुकानाच्या नांवाचेंच नवें रूप. प्रामाणिकपणा त्यामुळें फायद्याचा ठरतो ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु पोर पुनः येणार नाहीं, अभिप्राय लिहिणार नाहीं, अशी खात्री असतांना जो भाव लाविला जातो, त्यावरून दुकानदार ओळखावा.

एवढें विवेचन केल्यावर, नवी संधि पुढें आली असतां ती कशी पारखावी हें सांगणें अवघड राहत नाहीं. शेवटचें गिऱ्हाईक कोण आणि त्याची कोणती गरज भागते, हें दोन वाक्यांत सांगतां आलें पाहिजे. उद्यांपासून एकहि नवा सभासद आला नाहीं तर हा धंदा चालेल काय, हें विचारलें पाहिजे. कंपनी नोंदलेली आहे हें उत्तर पुरेसें मानूं नये. नोंदणीचा दाखला जन्माच्या दाखल्यासारखा असतो, त्यावरून चारित्र्य कळत नाहीं. ‘आजच रात्रीं बारापर्यंत’ अशी घाई जेथें केली जाते, तेथें विचार करणाऱ्या माणसाची त्यांना भीति वाटते असें समजावें. आणि ज्याला ह्या धंद्यांत घ्यावयाचें त्याच्यापुढें, त्याच्या घरच्या मंडळींसमक्ष, आपणांस त्यापासून काय मिळणार तें मोठ्यानें सांगतां येईल काय, ही शेवटची कसोटी लावावी. ह्या सर्व प्रश्नांत आपल्या शहाणपणाचे कोणते आणि आपल्या नीतीचे कोणते, हें वेगळें काढूं गेलें तर काढतां येत नाहीं.

एक गोष्ट राहिली. फसलेला मनुष्य बहुधा गप्प बसतो. पैशांपेक्षां अब्रू जाईल ह्याची त्याला धास्ती असते. विशेषतः त्यानें चार माणसांना आपल्याबरोबर नेलें असेल तर अधिकच. ह्या मौनावर पुढची साखळी पोसली जाते. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ केली तर जात्या पैशाला वाटेंत अडवितां येतें. उशीर झाला कीं तो हातांतून निसटतो. परंतु तक्रार पोलिसांत करावयाची तशी ती गांवांतहि बोलली पाहिजे, आणि ती बोलणाऱ्याला हिणविणार नाहीं असा गांव असला पाहिजे. मावशीनें पैसे गेल्याचें चारचौघींत सांगावें आणि चारचौघींनीं तें हंसल्यावांचून ऐकावें, एवढें जरी म्हसळ्यासारख्या गांवांत घडलें, तरी त्या दिवशीं जिच्या पेटींतले पैसे बाहेर निघावयाचे होते अशी एखादी दुसरी मावशी आपल्या भाच्याला दारांत बसवून म्हणेल, ‘बाळा, हें पैसे येतात कोठून, तेवढें आधीं सांग.’